खातं तिचं, अंगठा तिचा, मग बदललं कोणी?

पावसाळ्याच्या तोंडाशी वावरच्या एका पाड्यावर बैठक घेतली. वीटभट्ट्यांवरून बाया नुकत्याच परतल्या होत्या. विषय रेशनचा होता, पण तो बाजूलाच राहिला. एका बाईने पिशवीतून तीन पासबुकं आणि एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "ताई, यातलं माझं कोणतं?"

सगळी तिच्याच नावाची होती. एक पोस्टाचं, रोजगार हमीच्या कामावर होती तेव्हाचं. एक जिल्हा बँकेचं. एक जनधनच्या लाटेत उघडलेलं. आणि कार्ड? "शिबिरात दोघं आले होते मशीन घेऊन. अंगठा लाव म्हणाले, लावला." त्या कार्डावर एका नव्या धर्तीच्या बँकेचं नाव होतं. ते नाव इथे लिहीत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. दोन महिने तिचे पैसे 'आले नाहीत' म्हणून ती जव्हारला खेपा घालत होती. जीपचं भाडं, बुडालेला रोज, वर बँकेतल्या माणसाचं वसकन् अंगावर येणं. पैसे आलेले होते. ते कार्डाच्या खात्यात पडून होते.

मैत्रिणींनो, शहरात 'बँक बदलणे' म्हणजे काय असतं, ते जाहिरातीत दिसतं. एक पगारदार बाई किंवा बुवा मोबाईलवर दोन बँका ताडून पाहतात, व्याज, शुल्क, सोय बघतात आणि आपलं खातं हलवतात. आमच्या भागातही खाती हलली, शेकड्याने हलली. फक्त बाईला कोणी विचारलं नाही.

हे कसं घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण यात कोणी चोरी करावी लागत नाही. सरकारी योजनेचा पैसा आधार क्रमांकावरून खात्यात जातो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक नोंदवही आहे. त्यात एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं, सगळ्यात शेवटी ज्या बँकेने जोडणी केली तिचं. नवीन खातं उघडताना संमतीची एक खूण असते, योजनांचे पैसे या खात्यात घ्यायचे का. ती खूण मशीन हातात असलेला माणूस करतो. बाईचा अंगठा लागला की तिची संमती मिळाली असं धरलं जातं. जुनं पासबुक कोरं राहतं आणि तिला वाटतं, सरकारने पैसे बंद केले.

हा माझा तर्क नाही. २०१७ साली एअरटेल पेमेंट्स बँकेचं प्रकरण देशभर गाजलं. सिमकार्डाची आधार पडताळणी करायला गेलेल्या लोकांची खाती त्यांना न सांगता उघडली गेली आणि त्यांची गॅसची सबसिडी तिकडे वळली. आधार प्राधिकरणाने कंपनीची पडताळणीची परवानगी थांबवली, सुमारे १९० कोटी रुपये परत करावे लागले आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने ५ कोटींचा दंड केला. दंड सरकारी तिजोरीत गेला. ज्या बाईने ते दोन-तीन महिने सिलिंडर कसं भरायचं याची काळजी केली, तिला काय मिळालं?

आता माझ्याच पदरातलं सांगते. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले. महिन्याला १५०० रुपये, आणि अट अशी की खातं तिच्या एकटीच्या नावाचं हवं, आधारशी जोडलेलं हवं. जव्हार-मोखाड्यात बँकांपुढे बाया पहाटेपासून, कडेवर पोरं घेऊन बसायच्या. तेव्हा आम्ही कार्यकर्त्याच म्हणालो, रांगेत कशाला मरता, मशीनवाला पाड्यावर येतोय, तिथे उघडा. दहा मिनिटांत खातं होत होतं. आम्हाला बरं वाटलं. जुन्या जोडणीचं काय होणार हे आमच्यातल्या एकीनेही विचारलं नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण ती काही सबब नव्हे.

आणि म्हणूनच 'नवी बँक नको, जुनीच बरी' असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभी राहणार नाही. जुन्या बँकेचा काउंटर आमच्या बाईने पाहिलेला आहे. स्लिप कोणी भरून द्यायची? सही येत नाही तर साक्षीदार आण. आज लिंक नाही, उद्या ये. या उद्याची किंमत एक दिवसाची मजुरी असते. त्यापेक्षा घराजवळच्या माणसाकडून पाचशे रुपये काढता येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्या बाईला नवऱ्याला न सांगता पैसे काढायचे आहेत तिच्यासाठी तर फारच मोठी. या बँकांतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षणही आहे. पैसा बुडेल अशी भीती घालून बायांना मागे खेचणं हा अप्रामाणिकपणा होईल.

पण या बँका काय करत नाहीत, हे त्यांच्या शिबिरात कोणी सांगत नाही. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने अकरा अर्जदारांना पेमेंट्स बँकेसाठी तत्त्वतः मंजुरी दिली. त्यात मोबाईल कंपन्या होत्या, टपाल खातंही होतं. टपाल खात्याची बँक १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झाली. (ती बँक वेगळी आणि पोस्टातलं जुनं बचत खातं वेगळं, हे आमच्या निम्म्या कार्यकर्त्यांनाही धड माहीत नाही.) पेमेंट्स बँकेत एका खात्यात दोन लाखांपर्यंतच रक्कम ठेवता येते. आमच्या बायांना त्याची अडचण नाही! अडचण पुढे आहे. या बँकेला कर्ज द्यायला मनाई आहे. बचत घ्यायची, ठेवींतला किमान ७५ टक्के भाग सरकारी रोख्यांत गुंतवायचा, उरलेल्यातला काही दुसऱ्या बँकांत ठेवायचा. पाड्यातल्या बाईचा रुपया तिथून सरकारला उसना जातो. तो पाड्यावर कर्ज म्हणून परत येण्याची वाटच ठेवलेली नाही.

आणि वावरमध्ये बाईला पैसा केव्हा लागतो? पावसाळ्यात, घरातलं धान्य संपल्यावर. पोर आजारी पडल्यावर. तेव्हा ती भट्टीमालकाच्या माणसाकडून उचल घेते आणि दिवाळीनंतर सगळं घर भिवंडी-वसईकडे भट्टीवर जातं, ती उचल फेडायला. भट्टीवर मजुरीचा हिशेब जोडप्याचा होतो आणि पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. तेव्हापासून इथे किती योजना आल्या आणि गेल्या. उचल मात्र गेली नाही. तिला पर्याय एकच, बाईच्या नावावर वेळेवर मिळणारं छोटं कर्ज. ज्या बँकेत व्यवहाराची नोंद असते तीच उद्या कर्ज देते. बाईचा सगळा व्यवहार जिला कर्ज देता येत नाही अशा बँकेत वळवला, की मोठ्या बँकेच्या दप्तरी ती पुन्हा कोणीच नाही.

'नवी बँक' हा शब्द बायकांच्या चळवळीला नवा नाही. १९७४ साली अहमदाबादला सेवाच्या चार हजार बायांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची बँक उभी केली. सही येत नाही म्हणून बाईला परत पाठवलं नाही, तिचा फोटो ओळख म्हणून वापरला. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, बायांनी बँकेचा अर्ज केला तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून तो फेटाळला गेला. बाया काही महिने अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, तुम्ही यंत्रावर करा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बँकांनी बाईला बघून रीत बदलली. इथे यंत्र आधी ठरलं आहे. दगड फोडून, विटा थापून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्या यंत्राला दिसल्या नाहीत, तर दोष तिच्या बोटांचा.

मोबाईलचंही तेच. खातं उघडताना कोणाचा नंबर दिला ते विचारा. दहांतल्या सात जणी सांगतात, नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. पैसे आल्याचा संदेश त्याला आधी जातो. आधार कुठल्या बँकेला जोडलंय हे संकेतस्थळावर पाहता येतं म्हणतात, पण त्याचा ओटीपीही त्याच फोनवर. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा तिच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. विधवा, परित्यक्ता, नवरा भट्टीवर सोडून गेलेली, यांनी ओटीपी कोणाकडे मागायचा होता?

जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले आणि १५ मार्चनंतर तिथे नव्या ठेवी घेता येणार नाहीत असं ठरवलं. शहरातल्या दुकानदारांनी आठवड्यात दुसरी सोय केली, कारण त्यांना बातमी कळली. उद्या अशी वेळ आली तर पाड्यावर ती कोण सांगणार?

आमच्या गटांनी यंदा हे काम हाती घेतलं आहे. बैठकीला प्रत्येकीने सगळी पासबुकं, कार्डं आणायची. आधार कुठे जोडलंय ते शोधायचं. ते कुठे असावं हे तिने ठरवायचं, आम्ही नाही. काहीजणी नव्या खात्यातच राहिल्या, जवळ पडतं म्हणून. तिथे आमचं म्हणणं संपलं. बाकीच्यांसाठी आम्ही जुन्या बँकेत जोडणीचे अर्ज भरतोय. अंगठा लावल्यावर पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही, 'सर्व्हर डाऊन आहे, पुन्हा लाव' म्हटलं तर आधी खात्यातली शिल्लक विचारायची, हेही ठरवलंय.

दुसरं, ग्रामसभा. जव्हार-मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्यात आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेच्या बाजूने लिहिलेला आहे. त्याचा वापर उचलीच्या विरोधात व्हायला हवा. आणि त्याच ग्रामसभेत ठराव आणायचा, की गावात खाती उघडण्याचं शिबिर लावायचं असेल तर बँकेच्या माणसाने आधी सभेपुढे यावं, जुन्या खात्याचं काय होईल ते वारलीत किंवा कातकरीत बायांना कळेल असं सांगावं, आणि मग मशीन बाहेर काढावं. मसुदा तयार आहे. ज्या गटांना हवा त्यांनी कळवावं, पाठवू.