मधुमेहींच्या पायाची जखम : उच्चदाब प्राणवायू उपचार कोणासाठी, केव्हा?

मरोदा (भिलाई) : मधुमेहींच्या पायावरील न भरणाऱ्या जखमांसाठी ‘हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी’, म्हणजेच उच्चदाब प्राणवायू उपचार, देशातील अनेक शहरांत उपलब्ध झाला आहे. पाय वाचवण्याची अखेरची आशा म्हणून रुग्णांचे नातेवाईक त्याकडे पाहतात. ही आशा कितपत रास्त आहे आणि मरोदासारख्या औद्योगिक वसाहतीतील रुग्णाला तिचा लाभ कोणत्या अटींवर मिळू शकतो, हा खरा प्रश्न आहे.

प्रश्नाचा आवाका मोठा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मधुमेहींपैकी १९ ते ३४ टक्के व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी पायावर व्रण होतो, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. मज्जातंतूंची संवेदना कमी झाल्याने जखम दुखत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने ती भरत नाही. संसर्ग हाडापर्यंत पोहोचला की बोट, पाऊल किंवा संपूर्ण पाय गमावण्याची वेळ येते.

या उपचारात रुग्णाला बंद कक्षात वातावरणाच्या दोन ते अडीच पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला जातो. एरवी रक्तातील प्राणवायू मुख्यतः हिमोग्लोबिन वाहून नेते. १०० मिलिलिटर रक्तद्रवात जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली हेच प्रमाण सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जाते. वाढलेल्या प्राणवायूमुळे नव्या केशवाहिन्या तयार होण्यास आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींना बळ मिळण्यास मदत होते. मात्र बंद पडलेली धमनी त्यामुळे उघडत नाही.

संशोधनाचा कौल संमिश्र आहे. स्वीडनमधील ९४ रुग्णांच्या चाचणीत (२०१०) वर्षअखेरीस उपचार घेतलेल्यांपैकी ५२ टक्के, तर तुलनागटातील २९ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या. कॅनडातील चाचणीत (२०१६) मात्र पाय कापण्याची गरज कमी झाल्याचे दिसले नाही. नेदरलँड्स व बेल्जियममधील १२० रुग्णांच्या चाचणीत (२०१८) उपचार घेतलेल्या ६० पैकी ५३, तर न घेतलेल्या ६० पैकी ४७ जणांचे पाय वाचले. पण हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरला नाही. याच चाचणीत ३५ टक्के रुग्णांना ठरलेला क्रम पूर्ण करता आला नाही, ही नोंद भिलाईच्या संदर्भात अधिक महत्त्वाची आहे.

कारण हा उपचार एका दिवसाचा नसतो. सुमारे दीड तासाची ३० ते ४० सत्रे, आठवड्यातून पाच दिवस, असा त्याचा प्रघात आहे. म्हणजे जो पाय जमिनीवर टेकवू नये असा सल्ला दिला जातो, त्याच पायाने रुग्णाने सहा ते आठ आठवडे रोज ये-जा करायची. वाहन, सोबतीला माणूस आणि खर्च यांची तजवीज नसेल, तर निवृत्त कामगाराच्या कुटुंबाला हा क्रम अर्ध्यावर सोडावा लागण्याचा धोका आहे. केंद्र किती लांब आहे, हा येथे वैद्यकीय निर्णयाचाच भाग ठरतो.

मधुमेही पायासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वेही सावध आहेत. रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमा नेहमीच्या उपचारांना दाद देत नसतील आणि आवश्यक साधने उपलब्ध असतील, तरच पूरक म्हणून या उपचाराचा विचार करावा, असे ती सांगतात. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत हाडापर्यंत किंवा खोलवर संसर्ग पोहोचलेल्या जखमांसाठीच, आणि ३० दिवसांच्या प्रमाणित उपचारानंतरही सुधारणा नसल्यास, खर्च मंजूर होतो. कानाच्या पडद्याला इजा, रक्तातील साखर अचानक घटणे, तात्पुरता दृष्टिदोष हे त्याचे ज्ञात धोके आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात अशा कक्षाला आग लागून पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. प्रशिक्षित मनुष्यबळाविना चालणारे केंद्र किती घातक ठरू शकते, याचा तो इशारा होता.

भिलाईत या यंत्रणेच्या उपयुक्ततेला आणखी एक बाजू आहे. कार्बन मोनॉक्साइडच्या गंभीर विषबाधेतही हा उपचार वापरला जातो, आणि पोलाद कारखान्यात हा वायू नेहमीचा धोका असतो. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यातील वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला होता. त्यामुळे पोलादनगरीत असा कक्ष असावा की नाही, याचा विचार दोन्ही गरजा एकत्र मांडूनच व्हायला हवा.

तरीही क्रम बदलता येणार नाही. पायातील रक्तप्रवाहाची तपासणी, गरजेनुसार धमनी मोकळी करणे, मृत ऊतक काढणे, संसर्गावर नियंत्रण, जखमेवरील भार हटवणारा साचा आणि साखरेचे नियमन या बाबी आधी येतात. चार आठवड्यांत जखम निम्म्याने लहान झाली नाही, तर रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवण्यास विलंब होता कामा नये. त्याआधी, नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याची संवेदना तपासण्यास काही मिनिटे पुरतात आणि त्यासाठी कोणताही कक्ष लागत नाही. वसाहतीतील दवाखान्यांत ही तपासणी नियमित झाली, तर उच्चदाब कक्षापर्यंत जाण्याची वेळच अनेकांवर येणार नाही. ज्यांच्यावर येईल, त्यांना तेथे वेळेत पोहोचता येईल.