गाभा एक, बोर्ड अनेक

एकच संगणकीय गाभा मीटरमध्ये, पंपाच्या कंट्रोलरमध्ये आणि तिकिटाच्या यंत्रातही बसवणे हा निव्वळ आळस आहे, असे म्हणणारे डिझाइनर पुष्कळ भेटतात. प्रत्येक उत्पादनाचा प्रोसेसर, मेमरी, वीजपुरवठा नव्याने मांडावा, हा त्यांचा बाणा. ऐकायला झकास. पण खर्च कुणाच्या खिशातून?

बोर्ड तर आपल्याकडेच बनतात. म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर नंजनगूडला एटी अँड एस ही ऑस्ट्रियन कंपनी छापील सर्किट बोर्ड बनवते. इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडून देणाऱ्या केन्स टेक्नॉलॉजीचे मुख्यालय तर म्हैसुरातच. बोर्ड बनवून घेण्याची अडचण नाही. अडचण आहे लेआउटची. प्रोसेसर आणि डीडीआर मेमरी यांच्यामधल्या ट्रॅकची लांबी मिलिमीटरच्या अंशापर्यंत जुळवावी लागते. म्हणूनच ते मुद्दाम नागमोडी काढलेले दिसतात. त्यासाठी बोर्डाला बहुधा सहा-आठ थर लागतात. चूक राहिली तर टेबलावर सगळे ठीक चालते आणि उन्हात तापलेल्या पेटीत यंत्र अडकते. ही कसरत प्रोसेसर आणि मेमरी असलेल्या छोट्या, खोचायच्या बोर्डावर, म्हणजे मॉड्यूलवर, एकदाच करा. ते ज्यावर बसते त्या खालच्या कॅरिअर बोर्डावर रिले, आरएस-४८५ आणि स्क्रू टर्मिनल एवढेच उरते. त्याला दोन-चार थर पुरतात, आकार पेटीप्रमाणे ठेवता येतो. बूटलोडर तोच, कर्नल तोच. सुरक्षेची दुरुस्ती एकदा केली की सगळ्या यंत्रांना लागू.

मॉड्यूल बनवणाऱ्यावरच्या परावलंबनाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. रास्पबेरी पायचे पहिले कम्प्युट मॉड्यूल (सीएम) २०१४ साली लॅपटॉपच्या मेमरीच्या आकाराचे होते. २०२० मध्ये सीएम४ आले ते ५५ × ४० मिमीचे, शंभर-शंभर पिनांचे दोन कनेक्टर घेऊन. जुने कॅरिअर बोर्ड त्याला निरुपयोगी! शेवटी जुन्या आकारातले सीएम४एस काढावे लागले. पण हा दोष कनेक्टरचा. आणि मॉड्यूल मिळेनासेच झाले तर? चिपटंचाईत स्वतःच्या बोर्डावर मॉड्यूलमधलीच चिप लावणाराही हात चोळतच बसला असता. एसमार्कसारखे प्रमाणित ३१४ संपर्कांचे मॉड्यूल घेतले तर दुसऱ्या उत्पादकाचेही त्याच खाचेत बसते. बसते म्हणजे लगेच चालते असे नाही. सॉफ्टवेअर जुळवावेच लागते. तरी बोर्ड वाचतो.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही आपली तेजस३२ चिप एरीज मालिकेच्या लहानमोठ्या बोर्डांवर वापरली आहे. त्याला आळस म्हणायचे का?

लाखभर नग काढणाऱ्याने चिप थेट बोर्डावर लावावी, त्याचा हिशेब वेगळा. दोनशे नगांच्या उद्योजकाने मॉड्यूल घ्यावे, आणि ऑर्डर देण्याआधी ते किती वर्षे मिळत राहील हे लेखी मागावे.