पाण्याचा जोर वाढला की मीटर जास्त पळतो का?

राजापूर तालुक्यातील नाटे हे समुद्रकाठचे गाव. कोकणात पाऊस उदंड, तरी उन्हाळ्यात अनेक गावांत नळाला ठरावीक वेळेलाच पाणी येते. अशा ठिकाणी मीटरवर पाणीपट्टी आकारायची म्हटले की पहिली शंका येते ती जोराने येणाऱ्या पाण्याची.

मीटर किती प्रवाह पेलतो?

घरगुती नळाला बहुधा १५ मिलिमीटरचा मीटर असतो. ‘आयएस ७७९’ या भारतीय मानकानुसार त्याचा नेहमीचा प्रवाह मिनिटाला २५ लिटर, तर थोड्या वेळापुरता कमाल ५० लिटर. या कमाल मर्यादेपर्यंत नव्या मीटरची चूक २ टक्क्यांच्या आत असावी लागते. १० लिटरची बादली १२ सेकंदांच्या आत भरली, तरच मर्यादा ओलांडली असे समजावे. म्हणजे नुसत्या जोरामुळे बिल फुगत नाही.

मग आकडा का वाढतो?

हवेमुळे. पाणी बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि तिच्यात हवा भरते. पाणी सुटले की ती हवा पुढे रेटली जाते आणि मीटरचा पंखा गरगर फिरवते. मीटरला हवा आणि पाणी यांतला फरक कळत नाही.

जास्त प्रवाहाचा तोटा कोणाला?

सतत मर्यादेबाहेर चाललेल्या मीटरचे आतले भाग झिजतात. मग तो कमी आकडा दाखवू लागतो, बारीक धार तर नोंदवतच नाही. हा तोटा ग्रामपंचायतीचा, म्हणजे शेवटी नियमित पाणीपट्टी भरणाऱ्यांचा. वाहिनीला थेट पंप लावल्यास झीज वाढतेच, शिवाय शेजाऱ्याचे पाणीही तुटते.

घरी कसे तपासाल?

सगळे नळ बंद करा. तरीही काटा फिरत असेल, तर गळती शोधा. मग नळातली हवा निघून गेल्यावर मापाच्या बादलीने २०० लिटर पाणी भरा. मीटरने २१० दाखवले, तर चूक ५ टक्के. मीटर तपासून देण्याची लेखी मागणी करा.

आधी काय हवे?

चढउताराच्या कोकणात वाहिनीच्या उंच टप्प्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवणे आणि ते चालू ठेवणे हे मीटर लावण्याइतकेच गरजेचे आहे. हवेचे पैसे ग्राहकाकडून घेतले, तर लोकांचा मीटरवरचा विश्वास उडेल. म्हणून आधी हवा काढा, मगच बिल पाठवा.