माशांचं बाळंतघर

मैत्रिणींनो, जिरं म्हटलं की आपल्याला फोडणी आठवणार. पण मासेमारीच्या धंद्यातही जिरं असतं, बरं का! अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं माशाचं पिल्लू जेमतेम जिऱ्याएवढं, म्हणून त्याचं नाव मत्स्यजिरे. पंधरा-वीस दिवसांत ते इंचभर वाढलं की मत्स्यबीज, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. ही नावं ज्यानं कोणी ठेवली, त्याचं स्वयंपाकघरात आणि पाळण्यात सारखंच लक्ष असलं पाहिजे!

कुलू-मनालीला जाऊन आलेल्या मैत्रिणींनी वाटेवरचं पतलीकुहलचं ट्राउट माशांचं केंद्र कदाचित पाहिलं असेल. ट्राउटला बर्फासारखं गार पाणी लागतं. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात तो बिचारा काय तगणार! पण आपल्याकडेही माशांची बाळंतघरं आहेत. ती रोहू, कतला आणि मृगळ यांची. यंदा जुलैत मी साकोलीच्या बाजूचं असं एक मत्स्यबीज केंद्र पाहून आले. आमच्या शाळेतल्या मावशींचं माहेर तिकडचं, ढीवर समाजातलं. त्यांचा भाऊ गावच्या मच्छीमार संस्थेसाठी बी न्यायला जाणार होता. मावशी म्हणाल्या, "चला न बाई, एकदा पाहून तर घ्या!" नागपूरहून साकोली शंभर किलोमीटर. सकाळी निघालं की संध्याकाळी घरी.

माझा पहिला प्रश्न अगदी भाबडा होता. तलाव आहे, त्यात नर-मादी आहेत, मग पिल्लं आपोआप होत नाहीत का? तर नाही होत. रोहू, कतला, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला, पाणी खळाळलं, की त्यांची विणीची वेळ होते. तलावाच्या साचलेल्या पाण्यात मादी अंड्यांनी भरते, पण अंडी सोडत नाही. म्हणून पूर्वी बंगालकडच्या नद्यांमधून बी गोळा करायचे आणि ते आगगाडीनं दूरदूर धाडायचे. वाटेत मरायचं ते निराळंच, शिवाय त्यात दुसऱ्या माशांना खाणाऱ्या जातींची पिल्लंही मिसळलेली. गव्हात खडे निघावेत तसं!

हे अवघडलेपण सोडवलं डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी. १० जुलै १९५७ रोजी कटकला त्यांनी माशाच्या डोक्यातल्या एका इवल्याशा ग्रंथीचा अर्क मादीला टोचला, आणि तिनं बंदिस्त पाण्यात अंडी दिली. आज १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आता ग्रंथी काढत बसावं लागत नाही, तयार इंजेक्शन मिळतं.

केंद्रात एक गोल हौद होता. कडेनं पाण्याच्या धारा अशा सोडलेल्या, की पाणी सारखं गरगर फिरत राहावं. मासळीला वाटतं, नदीला पूर आला! संध्याकाळी इंजेक्शन दिलं की रात्रीतून ती अंडी सोडते. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी ती टपोरी, पारदर्शक अंडी फिरत्या पाण्यात तरंगत राहतात. पाणी थांबलं तर ती तळाशी बसून गुदमरतात. म्हणून रात्रभर कोणीतरी जागं असतंच. चौदा ते अठरा तासांत पिल्लं बाहेर येतात. पुढचे तीनेक दिवस त्यांना काही खायला लागत नाही, पोटाशी बांधलेली शिदोरी पुरते. मग त्यांची रवानगी संगोपन तळ्यात.

रोहूच्या एक किलोच्या मादीपासून दोन लाखांच्या आसपास अंडी मिळतात. ऐकून मी चकितच झाले. पण तिथले साहेब म्हणाले, "जिऱ्यापासून बीज होईपर्यंत शंभरातली तीस-चाळीस जगली तरी पुष्कळ." बेडूक, पाणकिडे, ढगाळ हवा, गढूळ पाणी, सगळेच त्यांचे वैरी.

बी भरताना पाहिलं. प्लास्टिकच्या पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, वर ऑक्सिजन, तोंड घट्ट बांधलेलं. मावशींचा भाऊ पिशव्यांवर ओलं पोतं टाकून म्हणाला, "बाई, यात आमच्या अख्ख्या गावाचं वर्ष हाय." पाऊस लांबला की सगळंच लांबतं. तलावात पाणी नसेल तर बी घेऊन करायचं काय? आणि उशिरा सोडलेलं बी उन्हाळ्यात तलाव आटायच्या आत वाढत नाही. संस्थेनं तलाव ठेक्यानं घेतलेला, बियाचे पैसे वर्गणीतून उभे केलेले. पिशवी तलावाशी आणली तरी लगेच उघडत नाहीत. आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवतात, आतलं-बाहेरचं पाणी सारखं ऊन झालं की मगच पिल्लं सोडतात. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आपण कोपरानं पाहतो ना, तसंच!

भंडारा-गोंदियाकडे असे तलाव गावोगाव आहेत. मालगुजारांच्या ताब्यातले हे तलाव १९५० च्या कायद्यानं सरकारकडे गेले, म्हणून त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. केंद्रातलं बी तिथं सोडतात ते चांगलंच आहे. पण तलावाचे स्वतःचेही मासे असतात: मरळ, शिंगी, वाघूर. यांना इंजेक्शन लागत नाही. त्यांना हवी पाणवनस्पती आणि शांत काठ. तलावात बेशरम माजली, गाळ भरला, की हे मासे कमी होतात. भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि तिथल्या ढीवर बायका गेली कित्येक वर्षं बेशरम उपटून पाण्यातली जुनी झाडं पुन्हा लावत आहेत. चिखलात कमरेएवढं उभं राहून काम करायचं म्हणजे गंमत नव्हे!

आता आपण काय करायचं? माझ्यापुरतं मी ठरवलं आहे, तुम्हीही विचार करा.

आषाढ-श्रावणात अंड्यांनी फुगलेली गावरान मासोळी आग्रहानं मागू नका. मरळ तर आपल्या पिल्लांची राखण करते. त्या दिवसांत ती धरली, तर मागची पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात. श्रावण पाळणाऱ्या घरात हा प्रश्नच येत नाही.

वीतभर रोहू स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्याच माशाला वर्षभर मिळालं तर तो किलोभराचा होतो. आपण लहान मासा मागितला नाही, तर कोणी तो आणणारही नाही.

बाजारात विचारा, "कुठल्या तलावाची?" बर्फात घालून परप्रांतातून येणारी मासळीही असते. ती वाईट असं नाही, पण जवळच्या तलावाची ताजी मिळत असेल तर ती आधी घ्या. कल्ले लालभडक, डोळे चमकदार, बोटानं दाबलेला खड्डा लगेच भरून आला, तर खुशाल घ्या.

आणि मासळी विकणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी एवढं ध्यानात ठेवा: त्या टोपलीतल्या एका माशामागे किती जिरं वाया गेलेलं असतं, आणि कोणाकोणाची रात्र जागून गेलेली असते.