अक्षरं बिघडली की सल्लाही बिघडतो

आज पिकावरच्या नाही, मोबाइलमधल्या रोगाबद्दल लिहितोय.

एका सल्ल्याच्या ॲपवर पंधरा दिवसांपासून मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि भलतीच चिन्हं येतायत. बरेच जण म्हणतात, "मोबाइल जुना झाला." तसं नाही. आणि ही नुसती दिसण्याची अडचणही नाही. इंग्रजी आकडे शाबूत राहतात, खरा धोका तिथंच आहे. '2 मिली' मधला 2 वाचता येतो. पण कुठल्या औषधाचा, लिटरला की पंपाला, ते कळत नाही. अंदाजानं फवारलं तर पीक करपलंच समजा.

कारण साधं आहे. सर्व्हर मराठी यूटीएफ-8 मध्ये पाठवतो. त्यात आपलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा 3 बाइटची. ॲप तेच आयएसओ-8859-1 समजून वाचतं, तिथं एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून एकाची तीन चिन्हं होतात. देवनागरीचा पहिला बाइट कायम एकच, म्हणून तो 'ए' सारखा दिसतो.

पान पिवळं पडलं की आपण लगेच युरिया टाकत नाही. आधी बघतो, जुनं पान की नवं. इथंही तसंच बघा:

- तो 'ए' दिसला: मूळ मजकूर बहुधा ठणठणीत, वाचायची पद्धत चुकली.
- नुसती प्रश्नचिन्हं: बहुधा मजकूर साठवतानाच गेला, परत टाइप करावा लागणार.
- रिकामे चौकोन: फोनमध्ये फॉन्ट नाही.

पहिल्या रोगाला औषध एका ओळीचं. सर्व्हरच्या उत्तरात 'कॉन्टेन्ट-टाइप'पुढे 'चारसेट=यूटीएफ-8' लिहायचं. सर्व्हर हातात नसेल तर ॲपनं आलेले बाइट स्वतःच यूटीएफ-8 म्हणून वाचायचे. ॲन्ड्रॉइडची व्हॉली लायब्ररी चारसेट सांगितला नाही तर आयएसओ-8859-1 धरून चालते, हे मराठी ॲप बनवणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. "मग इंग्रजीतच पाठवतो" हा इलाज नाही, ती पळवाट आहे.

माझं मत स्पष्ट आहे: औषधाचं प्रमाण सांगणाऱ्या ॲपनं साध्या फोनवर मराठी वाचून बघितल्याशिवाय अपडेट सोडू नये.

तुम्हाला असं दिसलं तर स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि फोनचं मॉडेल लिहून ॲपवाल्यांना पाठवा. तोवर बाटलीवरचं लेबल वाचा, कृषी सहाय्यकांना विचारा. अर्धवट वाचलेल्या मेसेजवर पंप भरू नका.