नदीचा कांठ विकत घ्या

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणी गांवाजवळ बोर नदीवर १९६५ सालीं धरण झालें. जलाशयाभोंवतींच्या अरण्यास १९७० सालीं अभयारण्याचा व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. हा बंदोबस्त वन्य प्राण्यांसाठीं झाला. परंतु त्याचा लाभ पाण्यासही आपोआप झाला. झाडांच्या मुळांनीं माती धरून ठेवली, म्हणजे तळ्यांत गाळ कमी येतो, हें सांगावयास तज्ज्ञ नको.

पण अरण्याबाहेर पडलेल्या नदीचा वाली कोण? आमच्या बहुतेक नद्यानाल्यांच्या कांठीं नांगर थेट दरडीपर्यंत पोंचला आहे. पहिल्या पावसाबरोबर शेताची माती व तिच्यावरील खतें, औषधें प्रवाहांत उतरतात. मग सरकार जागें होतें आणि गाळ उपसण्यास पैसा देतें. २०१७ सालची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना अशीच आहे. ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गळकें छप्पर न शाकारतां घरांतील पाणी उपसत बसणें हा कांहीं शहाण्याचा संसार नव्हे.

आमचें म्हणणें सरळ आहे. नदीच्या व तळ्याच्या कांठची पट्टी विकत घेऊन तीवर गवत व झाडें राखण्यासाठीं सरकारनें ग्रामपंचायतींस प्रतिवर्षीं अनुदान द्यावें. बोरचें धरण झालें त्याच १९६५ सालीं अमेरिकेंत भूमि व जल यांच्या रक्षणाचा निधि सुरू झाला; समुद्रतळींच्या तेलाच्या उत्पन्नांतून त्यांत भर पडते, व जमीनखरेदीस तेथील राज्यांना निम्म्यापर्यंत साह्य मिळतें. न्यूयॉर्क शहरानें १९९७ च्या करारान्वयें आपल्या जलाशयांवरील डोंगराळ मुलखांत जमिनी घेण्यास आरंभ केला, कारण पाणी गाळण्याच्या प्रचंड कारखान्यापेक्षां तें स्वस्त होतें. इतकें दूर तरी कशाला? मुंबईच्या १८६० च्या विहार व १८७९ च्या तुळशी तलावांभोंवतीं आजही रान उभें आहे, तें पाणलोट राखला म्हणूनच.

पैसा कोठून आणावा, असें कोणी विचारील. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांतून स्वखुशीनें बाहेर पडणाऱ्या कुटुंबास २००८ पासून १० लाख व २०२१ पासून १५ लाख रुपये देण्याचें सरकारनें ठरविलें. वाघासाठीं जी थैली उघडते ती नदीसाठींच कां आवळली जावी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकार जमीन मागूं लागलें कीं शेतकऱ्याच्या पोटांत गोळा येतो. १९२१ चा मुळशीचा सत्याग्रह महाराष्ट्र विसरलेला नाहीं. ही भीति आम्ही खोटी मानीत नाहीं. म्हणूनच आम्ही संपादन म्हणत नाहीं, खरेदी म्हणतों. जो विकील त्याचीच जमीन घ्यावी, बाजारभावानें घ्यावी, आणि नाहीं म्हणणाऱ्यास पुन्हां विचारूं नये. गुरांची पाणवाट मोकळी राहावी. आणि घेतलेली पट्टी पुढें विश्रामगृहास किंवा बंगल्यांस जाणार नाहीं, असें कागदावर बांधून घ्यावें. या अटी मोडल्यास आम्हीच या योजनेचे पहिले विरोधक होऊं.

याच जिल्ह्यांत पवनारला, धाम नदीच्या कांठीं, विनोबांचा आश्रम आहे. १९५१ सालीं त्यांनीं भूमिहीनांसाठीं हात पसरला आणि लोकांनीं लाखों एकर जमीन दान दिली. नदीसाठीं आम्ही दान मागत नाहीं. पुरतें मोल देऊन हातभर कांठ घ्या, एवढेंच म्हणतों. तेवढेंही सरकारास जड वाटत असेल, तर उद्यांच्या गाळाची तक्रार त्यानें पावसाकडे करूं नये.