तिसरी खुर्ची कुणाची?

संगणकाच्या पडद्यावर काय, कुठे दिसावे हे आखणारा एक आणि त्यामागचा प्रोग्रॅम लिहिणारा दुसरा. या दोघांनी एकत्र बसून काम करावे, हे आता सर्वमान्य झाले आहे. पण ज्याला रोज आठ तास त्या पडद्यासमोर बसायचे, त्या कामगाराची खुर्ची कुठे आहे?

नॉर्डिक देशांतील छापखाना कामगारांच्या युनियनने स्वीडन-डेन्मार्कमधील संशोधकांसह १९८१ ते १९८५ या काळात ‘युटोपिया’ प्रकल्प चालवला. वृत्तपत्राची पाने लावण्याचे काम संगणकावर जायचे होते. तेव्हा आधी कागद, पुठ्ठा आणि लाकडाचे नकली यंत्र मांडले गेले. पाने लावणाऱ्या कामगारांनीच त्यावर काम करून दाखवले. कुठे अडते ते तिथेच कळले. दुरुस्तीला नवा पुठ्ठा पुरला. त्याआधी, १९७५ साली नॉर्वेत मालक आणि कामगार संघटनांचा देशपातळीवर करार होऊन, नव्या यंत्रणेची माहिती वेळेवर मिळण्याचा हक्क कामगारांनी मिळवला होता.

आपल्याकडे तिकीट खिडकी असो वा पोस्टाचे काउंटर, प्रणाली बहुधा तयार होऊनच येते. ती अडली की रांगेचा राग मात्र कर्मचाऱ्यावर.

बंधू-भगिनींनो, आपला विरोध संगणकाला नाही. आपली मागणी एवढीच: आराखडा पक्का होण्याआधी काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना ड्युटीच्या वेळेत चर्चेला बसवा आणि त्यांच्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्या. तिसरी खुर्ची आपली आहे. ती मागून घेतलीच पाहिजे.